जीपचा जुना हार्डटॉप आणायचाय? मग आधी ही तयारी

हार्डटॉप म्हणजे उघड्या जीपवर बसवायचं पक्कं छप्पर, जुना घ्यायला निघालात तर सगळ्यात आधी पिशवीत काय टाकायचं ते सांगतो, कारण जुन्या मालाचा फोन कधीही येतो आणि मग माणूस हातात नुसता मोबाईल घेऊन पळतो, मीही तसाच पळालोय कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात आणि हात हलवत परत आलोय. पाच मीटरचा टेप, कापडात गुंडाळलेलं चांगलं लोहचुंबक, टॉर्च, टोचून बघायला एक जुना स्क्रूड्रायव्हर, खडू, मास्किंग टेप, मार्कर, झिपवाल्या दहा-वीस छोट्या पिशव्या, थोडा पॉलिश पेपर आणि पाण्याची बाटली. एवढं एका कापडी पिशवीत कायम भरून ठेवायचं. आणि सोबत तुमच्या जीपची मापं लिहिलेला कागद. तो कागद नसेल तर जाऊच नका, दुकानातले चाचा गोड बोलून दुसऱ्याच गाडीचं टप्पर गळ्यात मारतील.

मापांचं एवढं का सांगतोय, तर आपल्याकडे "जीपचा हार्डटॉप" हा शब्द कशालाही लावतात. आमची गाडी सीजे-३बी, मामाची, पेणला वाडीत उभी असायची. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंच. महिंद्राच्या सीजे-४ आणि नंतरची एमएम ५४० यांचा ९१ इंच. मधले ११ इंच सगळे मागच्या बॉडीत दिसतात, म्हणजे ५४० चा टॉप ३बीवर ठेवला की मागे छज्जा निघतो, आणि मग कोणीतरी म्हणणार कापून टाकू की साहेब. कापायचं नाही! शिवाय ३बीचं बॉनेट आणि काउल (बॉनेट आणि काचेमधला पत्रा) उंच, कारण १९५३ साली मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकेच्या विलीज कंपनीने त्यात जे एफ-हेड इंजिन बसवलं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं, बॉनेट वर उचलावं लागलं, आणि समोरच्या काचेची फ्रेम बुटकी झाली. त्यामुळे आधीच्या विलीजचा टॉप बाजूंनी बसेलसा वाटला तरी पुढचा जॉइंट जुळेलच असं नाही. म्हणून कागदावर काचेच्या फ्रेमची वरची रुंदी, फ्रेमपासून मागच्या फाळक्यापर्यंतची लांबी, बॉडीच्या कडांमधली रुंदी पुढे-मध्ये-मागे अशी तीन ठिकाणी, एवढं हवं. काचेच्या फ्रेमच्या वरच्या कडेचा पुठ्ठ्याचा साचा कापून नेलात तर सोन्याहून पिवळं.

आता ओळख पटवायची. पहिलं चुंबक. चिकटलं नाही तर एकतर फायबर, नाहीतर अॅल्युमिनियम. फायबर आतून बघितलं की काचतंतू दिसतातच. अॅल्युमिनियम निघालं आणि त्यात छपरावर दुसरं छप्पर असेल, मधे हवेची फट, तर तो जुन्या सिरीज लँड रोव्हरचा उष्ण देशांसाठीचा टॉप असू शकतो, तुमच्या जीपला नाही बसणार पण भंगाराच्या भावात मिळत असेल तर सोडू नका, ज्याला हवाय तो शोधत येईल. चुंबक चिकटलं पण काही ठिकाणी सैल वाटलं तर तिथे लांबी, म्हणजे पुटी, भरलीये, खडूने गोल करा. पूर्ण टॉपवर असे किती गोल झाले त्यावर भाव बोला.

मग सांधे बघायचे. कंपनीत किंवा मोठ्या बॉडीबिल्डरकडे झालेल्या कामात स्पॉट वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर असतात. गल्लीतल्या कामात गॅस वेल्डिंगची नागमोडी रेघ, नाहीतर पितळी ब्रेझिंग, रंग खरवडला की पिवळं चमकतं. दोन्ही एकाच टॉपवर असेल तर समजायचं मूळ काम चांगलं, नंतर कोणीतरी हात मारलाय. नट वेल्ड केलेले असतील तर त्यांचे आटे तपासा, जुनं काम सुतात असतं, म्हणजे इंची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दोन सूत नाहीतर अडीच सूत. आणि इथे एक गंमत आहे जी मला महागात पडली, अडीच सुताच्या नटात आठ एमएमचा बोल्ट दोन-तीन आटे छान जातो, जाडी जवळजवळ सारखीच ना, आणि मग अडकतो कारण आट्यांचं अंतर वेगळं. जोर लावला की नट गेला. तर घरचे मेट्रिक बोल्ट घालून बघू नका.

भोकांकडे पण नीट बघा. ज्या भोकाच्या आतल्या कडेला मूळ रंग आणि प्रायमर आहे ते पहिल्यापासूनचं. आत नुसता गंज, तर नंतर कोणीतरी कॅरियर, पंखा, देव्हारा काय वाट्टेल ते लावायला ड्रिल मारलंय. काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, आयएस २५५३ वगैरे दिसलं तर काच भारतीय मानकाची आहे एवढंच कळतं, काच दहा वेळा बदललेली असू शकते. अमेरिकेत ह्यूस्टनची कोनिग आयर्न वर्क्स जीपसाठी पोलादी टॉप बनवायची, त्यामुळे हल्ली प्रत्येक जुन्या टॉपला "इम्पोर्टेड" म्हणायची फॅशन आलीये. पाटी असेल तर दाखव म्हणायचं, किंवा पाटीची रिव्हेटची भोकं तरी. तसंच "मिलिट्रीचा माल है साब". वरचा हिरवा रंग काहीच सिद्ध करत नाही, खालचा थर बोलतो. आतल्या एखाद्या कोपऱ्यात, ब्रॅकेटच्या मागे, रुपयाएवढी जागा पाणी लावून पॉलिश पेपरने हळूहळू घासा, एकेक थर कडेने दिसत जातो. माझ्या टॉपवर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली मळकट निळा आणि मग रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर. घरी येऊन जीपच्या डॅशबोर्डखाली तेच केलं तर तिथेही तळाला निळा. मामा म्हणाला अरे हो, घेतली तेव्हा निळीच होती की! म्हणजे हा टॉप याच गाडीचा असेल असं नाही म्हणत मी, पण त्या रात्री झोप नाही लागली.

आणि म्हणूनच माझं एकच म्हणणं आहे, आणल्या आणल्या ग्राइंडर नाही लावायचा. टॉप कुठला, कोणी बनवला, काय काय बदललं, हे सगळं ज्या रंगात, गंजात, फाटक्या रबरात आणि स्क्रूच्या डोक्यात लिहिलेलं असतं तेच आपण पहिल्या दिवशी उत्साहाने पुसून टाकतो. आधी फोटो, टेप बाजूला धरून. मग एकेक पार्ट खोलायचा, प्रत्येकाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, वर मार्करने "मागचा डावा" वगैरे. खिडकीच्या रबराचा प्रत्येक प्रकारचा दोन इंच तुकडा कापून ठेवायचा, कितीही कुजका असला तरी, कारण मुंबईत नागदेवीच्या बाजारात रबरवाल्यापुढे तोंडाने वर्णन करून काही मिळत नाही, तुकडा टाकला की तो न बघताच बोटांनी चाचपून सांगतो आहे की नाही.

आणायची सोय आधी करा. चार माणसं, उघडा टेम्पो, खाली जुन्या गाद्या, वर बेल्ट. छप्पर उताणं ठेवू नका, पन्हळ (कडेची पाणी वाहून नेणारी नाली) वाकते. आणि सोसायटीत सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा, "काका, दोन महिने पार्किंगमध्ये एक वस्तू राहील", वस्तू म्हणा, भंगार हा शब्द त्यांच्या तोंडून येण्याआधी.

कागदांचं कंटाळवाणं आहे पण टाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून हटायचं नाही असं सांगितलंय. तेव्हा आरसीवर बॉडी टाइप काय लिहिलाय ते बघा आणि चढवायच्या आधी आरटीओत विचारा. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी होते, नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, पण मग ती रॅली-प्रदर्शनापुरती, रोज दादरला भाजी आणायला नाही. तिथेही गाडी मूळ रूपात हवी, म्हणजे पुन्हा ते फोटो आणि थरच कामाला येणार.

टॉपच्या आधी जीपची बॉडी. हे कोणी करत नाही. गाडी सपाट जागी, चारही टायरमध्ये बरोबर हवा, जॅकवर अजिबात नाही, आणि बॉडीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक बोटभर आला तर आधी बॉडीचे माउंट बघा, रबर दबलेलं असतं नाहीतर खालचा चॅनल सडलेला. वाकड्या डब्यावर सरळ झाकण बसत नाही, मग आपण झाकण वाकडं करतो आणि पहिल्या खड्ड्यात काच जाते.

गंजाचं काम दिवाळीनंतर होळीपर्यंत उरकेल असं ठरवा, पावसाळ्यात रंग मारलात तर हवेतल्या दमटपणाने तो पांढुरका पडतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका, मास्क लावा, लहान मुलं लांब. सँडब्लास्टिंगवाला म्हणेल अर्ध्या तासात चकाचक, पण छपराचा मोठा सपाट पत्रा त्याने ताणला जातो आणि कायमचा ढोल होतो, दाबला की टणक टणक. छपराला रंग काढायचं केमिकल आणि हाताने घासणं. छोट्या ब्रॅकेटना मात्र मस्त उपाय आहे, प्लास्टिकच्या बादलीत पाणी, धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह पार्टला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाला, रात्रभर. स्टीलचा चमचा-पट्टी पॉझिटिव्हला लावू नका, विषारी क्रोमियम सुटतं, आणि हायड्रोजन निघतो म्हणून खिडकी उघडी. आमच्याकडे बाल्कनीत बादली होती, बायको अजून ती बादली वापरत नाही.

सगळ्यात जास्त गंज पन्हळीच्या आत असतो, वरून दिसत नाही, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. सडलेलं कापून तितक्याच जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा लोखंडी) पत्रा लावायचा, बहुतेक ठिकाणी १८ गेज नाहीतर २० गेज, म्हणजे साधारण सव्वा आणि पाऊण-एक एमएमच्या आसपास. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, नको, जस्ताच्या धुराने मिस्त्रीला ताप भरतो. वेल्डिंग सलग नाही, टाके टाके, एक इथे एक तिथे, मधे थंड होऊ द्यायचं, मिस्त्री वैतागतो, त्याला चहा सांगा. उघडा पत्रा मुंबईच्या हवेत एका रात्रीत पुन्हा लाल होतो तेव्हा जेवढं त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली जाईल तेवढंच उघडा. सांध्यांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलर, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते लोखंड खातं आणि त्यावर रंगही धरत नाही.

काच शेवटी. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून रंग झाल्यावर, नवं रबर लावून, हार्डबोर्डचा साचा बसवून बघायचा आणि मगच ऑर्डर. बसवताना रबराच्या खाचेत सुतळी, साबणाचं पाणी, एकाने बाहेरून दाबायचं दुसऱ्याने आतून सुतळी ओढायची.

मग जीपवर चढवा, सगळे बोल्ट आधी हाताने, एकही पूर्ण आवळायचा नाही, सगळे लागल्यावर समोरासमोरचे थोडे थोडे. पंधरा दिवसांनी रबर बसतं, पुन्हा आवळा. पाण्याची चाचणी जूनच्या आधी, पाइप धरून, एक माणूस आत टॉर्च घेऊन, आतल्या सांध्यांना खडू चोळलेला, पाणी जिथून उतरतं तिथे रेघ पडते. आतलं लायनिंग या चाचणीनंतरच लावायचं, आधी लावलं तर गळती कुठेय ते कळतच नाही. आमच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून अजून एक थेंब येतो, आठ-दहा मिनिटांनी एक, खडू चोळून ठेवलाय, रविवारी पुन्हा पाइप धरायचाय, मामा आत बसणार आहे.