हृदयरोग्याची काळजी घेताना या चुका टाळा

अँजिओप्लास्टी होऊन नाना घरी आले की घर दोन गोष्टी ठरवून टाकतं: त्यांना खाटेवरून उठू द्यायचं नाही आणि त्यांच्यासमोर काळजीचं काही बोलायचं नाही. दोन्ही प्रेमापोटीच होतं, पण नुकसान इथूनच सुरू होतं.

रावेर-यावलकडे पहाटे उठून केळीला पाणी देणाऱ्या माणसाला "तुम्ही फक्त आराम करा" म्हटलं की आपण आता कामाचे राहिलो नाही, एवढंच त्याला ऐकू येतं. जड उचलणं नको, हे खरं. पण मजुरांचा हिशेब, घड विकायचा निर्णय त्यांच्याकडेच राहू द्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर रोज चालू द्या, बोलताना धाप लागणार नाही इतक्या वेगाने.

हार्ट अटॅकनंतर साधारण पाचांपैकी एकाला नैराश्य येतं. आपल्याकडची माणसं "मला उदास वाटतं" असं सहसा म्हणत नाहीत. ती चिडतात, पहाटे ३ वाजता जागी होतात, अर्धी भाकरी ताटात सोडतात, "काय करायच्या गोळ्या" म्हणतात. हे दोन आठवडे टिकलं तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. अशा मनःस्थितीत औषधं चुकतात, चालणं थांबतं आणि पुन्हा अटॅकचा धोका वाढतो. हृदयाच्या डॉक्टरांनाच हे सांगा. हृदयरोग्यांना चालतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

भेटायला येणाऱ्यांना आवरा. "काही होत नाही भो" म्हणत बसणारा पाहुणा चहा संपेपर्यंत आपला साडू कसा गेला ते सांगून जातो. घरातल्या कुणीतरी त्याला दारातच समज द्यावी. आणि नानांच्या बायकोकडे, माईंकडेही बघा. नानांचा श्वास चालू आहे ना, हे बघत ती बाई रात्रभर जागी असते. आठवड्यातल्या काही रात्री मुलाने किंवा सुनेने वाटून घ्याव्यात.

जेवणात मीठ कमी केलं असं घर सांगतं, तेव्हा फक्त भाजीतलं कमी झालेलं असतं. पापड, बिबडे, लोणचं आणि शेवभाजीतली शेव ताटात तशीच. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ दळतानाच त्यात मीठ पडतं, तेही धरा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. भरीत बंद करायची गरज नाही, तेल हात राखून घाला. खिचडीवरची कच्च्या तेलाची धार मात्र सोडाच. कमी सोडियमचं मीठ स्वतःहून आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असेल किंवा काही ठराविक गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरतं. पोटॅशियम केळ्यातही असतं, म्हणून केळी किती खायची, तेही अशा वेळी विचारून घ्या.

भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लघवीची गोळी आणि मोजून दिलेलं पाणी यांचा मेळ बिघडतो. उन्हाळा लागण्याआधीच डॉक्टरांना विचारा. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर रोज सकाळी वजन करा. २-३ दिवसांत २ किलो वाढलं, पाय सुजले किंवा उठताना चक्कर आली तर लगेच फोन करा.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणू नका. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवू नका; स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीत, गुठळी होऊ शकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे छातीतल्या दाबाला गॅस समजून ओवा-सोडा देत बसणं. रुग्णाला बसवा, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिलेली असेल तर ती ठेवा. ५ मिनिटांत आराम पडला नाही किंवा गोळीच नसेल, तर १०८ लावा. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका.