कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही

गाडीच्या मीटरवर इंजिनची चेक लाइट लागली, कुणीतरी स्कॅनर, म्हणजे दोषाचे कोड वाचणारं यंत्र, लावला, पडद्यावर पी ०११३ आला. मग सोलापुरात होटगी रोडला माझ्याकडे येऊन पहिला प्रश्न असतो, "दादा, सेन्सर कितीला येतंय ओ?" मी वायरिंगचंच काम करतो, म्हणून कळकळीनं सांगतो: पैसे खिशात ठेवा, आधी मल्टिमीटर काढा.

पी ०११३ चा अर्थ एवढाच, की इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सर्किटवर व्होल्टेज जास्त दिसतंय. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, त्या वायरवर ५ व्होल्ट देतो. सेन्सर तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं. वायर तुटली की ५ व्होल्ट तसेच राहतात, आणि ईसीयूला वाटतं कडाक्याची थंडी आहे. मे महिन्यात सोलापूर ४३ अंशांवर भाजत असताना स्कॅनरवर उणे ४० दिसलं, तर बहुधा सर्किट कुठेतरी उघडं, म्हणजे तुटलेलं आहे. ते सेन्सरमध्ये असेल किंवा वायरमध्ये, क्वचित ईसीयूत.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमचा, म्हणजे दोष आला त्या क्षणी ईसीयूनं साठवलेल्या आकड्यांचा, फोटो काढा. मग बॅटरी. गाडी बंद ठेवून थोडा वेळ गेला की १२.६ च्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बाकी तपासणी नंतर. एकाच वेळी पाच-सहा कोड, त्यात यू ने सुरू होणारे, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचा आपसातला संपर्क तुटल्याचे, असं दिसलं की माझा पहिला संशय बॅटरी आणि अर्थिंगवरच, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हच्या इंजिन-बॉडीशी असलेल्या जोडणीवरच असतो.

आता सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरिंग जोडणारा प्लग, काढा. आत हिरवट-पांढरा थर, मागे सरकलेली पिन, ओल, बघा. दोनच वायरचा सेन्सर असेल तर चावी ऑन करून वायरिंगकडच्या कपलरच्या दोन्ही टर्मिनलना बारीक वायरनं जोडा. स्कॅनरवर उणे ४० वरून आकडा एकदम शंभराच्या वर उडाला, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. हलला नाही, तर सिग्नलची, म्हणजे ५ व्होल्ट येणारी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा. आता हलला तर अर्थची वायर तुटलीय. तरीही नाही, तर सिग्नलची वायर किंवा ईसीयू. चार-पाच वायरच्या कपलरवर हे करू नका, तिथे एका पिनवर १२ व्होल्ट असू शकतात. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचाच नाही.

अर्थिंग मल्टिमीटरच्या बझरनं तपासू नका. दहापैकी एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावा, मीटर डीसी व्होल्टवर घ्या, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. ०.२ व्होल्टच्या वर गेलं (उणे चिन्ह दिसलं तरी आकडाच बघा) तर अर्थिंगची पट्टी सोडवा, पॉलिश पेपरनं घासा, घट्ट करा.

मार्केट यार्डाकडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग मला नेहमी सापडतं, म्हणून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बॅटरीखाली आणि एअर फिल्टरच्या मागे नीट चाचपा. तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळू नका. आपल्या उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो आणि जॉइंट उघडा पडतो. सोल्डर करा, वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, वायर तेवढ्याच जाडीची. फ्यूजही तितक्याच अँपिअरचा. मोठा घातला तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

शेवटी कोड पुसा. पी ०११३ दुरुस्त झाला नसेल तर बऱ्याच गाड्यांत चावी ऑन केल्यावर थोड्याच वेळात परत येतो. काही कोड मात्र दोन वेगळ्या फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय लाइट लावत नाहीत, त्यामुळे गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी तुळजापूर रोडला फिरवून आणा, आणि पेंडिंग कोड, म्हणजे दोष दिसलाय पण लाइट अजून लागली नाही असे कोड, बघूनच स्कॅनर बाजूला ठेवा.