मेळाव्याची तयारी: आधी बाईंना आणायला कोण जाणार ते लिहा

आमच्या मागच्या तुकडीतल्या दोघींनी विचारलं, माजी विद्यार्थी मेळाव्याला काय काय तयारी लागते ते एकदा लिहून दे. लिहितो. पहिली ओळ ही: प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे त्यांना घरून आणणाऱ्या माणसाचं नाव लिहा. एकाच माणसाचं. 'कोणीतरी जाईल' चालणार नाही आणि दोन नावंही चालणार नाहीत. आम्ही दोन लिहिली होती.

तारीख शाळेला विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. रविवारी शाळा मोकळीच असते असं आपल्याला वाटतं, पण पुण्यातल्या शाळांना रविवारी स्पर्धा परीक्षांची केंद्रं लागतात, आणि एकदा केंद्र लागलं की मुख्याध्यापकांच्या हातात काही राहत नाही. पत्र द्या, पोच घ्या. डिसेंबर सगळ्यांना हवा असतो, कारण परदेशातले तेव्हाच येतात. पण पहिला रविवार बहुधा पुणे मॅरेथॉनचा असतो आणि सणस मैदानाच्या बाजूचे रस्ते सकाळी बंद असतात. पुढे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, त्या दिवसांत संगीताच्या बाईंना बोलावूच नका, त्यांचं तिकीट आधीच काढलेलं असतं. लग्नाचे मुहूर्तही बघा. गणपतीत पेठेत काही ठरवायचंच नाही.

मुलामुलींची यादी दहावीच्या निकालावरून करू नका. आठवीत वडिलांची बदली झाली म्हणून गेलेले, नववीत मागे राहिलेले, मध्येच शाळा सोडून कामाला लागलेले, हे सगळे आपल्याच बाकांवर बसायचे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाच्या वर्षापासूनची सगळी नावं असतात. रजिस्टर बाहेर मिळणार नाही, मिळूही नये. परवानगी घेऊन ऑफिसात बसा आणि नावं उतरवून घ्या. नववीत मागे राहिलेल्या मित्राला नुसतं ग्रुपमध्ये घालून मोकळं होऊ नका. त्याला फोन करा, जमलं तर घरी जा. तो आपणहून येणार नाही, आणि आल्यावर सगळ्यांत जास्त आनंद त्यालाच होतो हे मी पाहिलंय. मुलींच्या बिल्ल्यावर माहेरचं आडनाव मोठ्या अक्षरात हवं. श्रद्धांजलीची नावं त्या-त्या घरी विचारून खात्री केल्याशिवाय वाचायची नाहीत.

आता शिक्षक. आमच्या मराठीच्या बाई धायरीला मुलाकडे राहतात. वय ऐंशीच्या पुढे. 'बाई, साडेआठला गाडी येईल, तयार राहा,' असा फोन मीच केला होता. यादीत त्यांच्यापुढे माझं आणि माझ्या मित्राचं, अशी दोन नावं होती. सकाळी मी साउंडवाल्याच्या मागे होतो, मला वाटलं तो निघाला असेल. तो बाहेरगावच्या मंडळींना घ्यायला स्वारगेटला गेला होता, त्याला वाटलं मी निघालो असेन. बारा वाजता सत्कार सुरू झाले. बाईंचं नाव पुकारलं आणि समोरच्या रांगेतून कोणीच उठलं नाही. मी फोन लावला. बाई सव्वाआठपासून इस्त्रीची साडी नेसून बाहेरच्या खोलीत बसलेल्या. 'तुम्ही गडबडीत असाल म्हणून मी फोन नाही केला रे,' एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी जाऊन शाल दिली. त्यांनी घेतली, चहा केला. पण वर्गातल्या साठ जणांसमोर त्या उभ्या राहायला हव्या होत्या, ते राहूनच गेलं.

म्हणून परत सांगतो. एक शिक्षक, एक गाडी, एक नाव. त्या माणसाला त्या सकाळी दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. हार आणणं नाही, जिलबी आणणं नाही. आदल्या रात्री त्याने सरांना किंवा बाईंना स्वतः फोन करायचा, सकाळी निघताना परत करायचा. शाळेत एक जण फक्त यादी घेऊन बसेल. 'बाई गाडीत बसल्या' असा निरोप आला की तो नावापुढे खूण करेल, आणि साडेनऊला खूण नसलेलं नाव दिसलं की तिथल्या तिथे दुसरी गाडी सोडेल. बाईंकडेही दोन फोन नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आधीच पोचवा. मोबाइलमध्ये नंबर आहे म्हणून भागत नाही.

शाळेचा हॉल दुसऱ्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर कार्यक्रम खालीच घ्या. खुर्चीवर बसवून वर उचलून नेऊ असं म्हणणारे उत्साही मित्र सगळीकडे असतात. सरांना ते आवडत नाही. हातांच्या खुर्च्या मागवा, त्यांना उठताना आधार लागतो. कमोड असलेलं स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी स्वतः जाऊन बघा. शिपाईकाकांना शिक्षकांच्याच रांगेत बसवा. आणि हो, त्यांना आणायलाही एक नाव लिहा.

मैदानात स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची लेखी परवानगी काढा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ शकतो, त्यामुळे अर्ज लवकर करा. नाही मिळाली तर आत वर्गात बसा. वर्गातच जास्त छान होतं. पार्किंगची आशा धरू नका. बाकीच्यांना सांगा मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत या. गाडी फक्त शिक्षकांची आत येईल, फाटकावर एक जण उभा करा.

जेवण साडेबाराला म्हणजे साडेबारालाच. सरांच्या गोळ्यांच्या वेळा असतात. भाषणं लांबली तर मधेच थांबवा, वाईट वाटून घेऊ नका.

देणगी गोळा करणार असाल तर ती संस्थेच्या नावाने चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती घ्या. रोख २००० रुपयांच्या वर दिले तर प्राप्तिकरात सूट मिळत नाही. कोणाच्या वैयक्तिक खात्यात जमा करू नका, मैत्री तुटते. काय हवंय ते शाळेलाच विचारा. दर तुकडी घड्याळंच देते.

फोटोग्राफर, बॅनर, पाणी, हजेरी घ्यायला जुना वर्गपट, हे तुम्हाला सुचेलच.

संध्याकाळ. सगळे फोटो काढत असतात आणि बाई कोपऱ्यात पिशवी घेऊन थांबलेल्या असतात. ज्याने आणलं त्यानेच पोचवायचं, घरात आत जाईपर्यंत. यादीवाल्याकडे सगळ्या नावांपुढे दुसरी खूण झाल्याशिवाय मैदान सोडायचं नाही.