पॉडकास्ट सुचवताय? मग या चुका टाळा

‘भारी पॉडकास्ट आहे, ऐकच’ असा निरोप, खाली एक लिंक, आणि त्यानंतर काहीच नाही. पाठवणारा मनाशी म्हणतो, याला गंभीर काही ऐकायची आवडच नाही. खरं तर बहुतेक वेळा गोची निरोपातच असते. पुस्तक सुचवलं तर माणूस चार पानं चाळून बघतो. ऐकायची गोष्ट चाळता येत नाही. दीड तासाचा एपिसोड आपल्या कामाचा आहे की नाही हे कळायलाही निदान वीस-पंचवीस मिनिटं द्यावी लागतात. ती मिनिटं नेमकी कुठे द्यायची, हे सुचवणाऱ्यानेच सांगायला हवं.

नुसतं कार्यक्रमाचं नाव सांगणं

ही चूक सर्रास होते. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ घ्या. 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा त्याचे एपिसोड छोटे असत: एखादं सरकारी धोरण आणि त्याचे चटकन न दिसणारे परिणाम. पुढे तो लांबत गेला आणि आता पाहुण्याच्या बालपणापासून वाचनापर्यंत सगळ्यावर पाच-पाच तास गप्पा चालतात. तुम्ही सुरुवातीचे एपिसोड ऐकून त्याच्या प्रेमात पडला असाल, पण ज्याला नाव सांगितलंत तो सगळ्यात वरचा एपिसोड उघडणार, पाच तासांचा आकडा बघणार आणि ॲप बंद करणार.

बीबीसी रेडिओ 4 च्या ‘इन अवर टाइम’चं दुखणं वेगळं. 1998 पासून हजारावर एपिसोड झालेत. एक विषय, तीन अभ्यासक, पाऊण तासाच्या आसपास चर्चा, आणि मेल्विन ब्रॅग 2025 मध्ये बाजूला होईपर्यंत सूत्रं त्यांच्याच हातात. कुठलाही एपिसोड कधीही ऐकता येतो, त्यामुळे नवा माणूस यादीकडे बघत बसतो आणि सुरुवातच करत नाही. ‘सम्राट अशोकावरचा ऐक’ किंवा ‘भगवद्गीतेवरचा ऐक’ एवढं सांगितलंत तरी त्याचं अर्धं काम झालं.

क्रमाचा घोळ

बहुतेक ॲपमध्ये नवा एपिसोड वर दिसतो. सुटे विषय असतील तर बिघडत नाही. पण ‘सीरियल’चा 2014 मधला पहिला सीझन ही एका खुनाच्या खटल्याची बारा एपिसोडमध्ये सांगितलेली एकच गोष्ट आहे, शेवटून उघडली तर रस गेलाच. ‘पहिल्यापासून, ओळीने’ हे दोन शब्द लिंकसोबत लिहा.

मिनिट न सांगणं

विचारांना चालना देणारा भाग दोन तासांच्या मुलाखतीत कधी कधी पंधरा मिनिटांचाच असतो. व्हिडिओ पॉडकास्टमध्ये तर सुरुवातीला पुढच्या चटकदार वाक्यांची जोडाजोड असते, मग प्रायोजक, मग पाहुण्याची ओळख. स्पॉटिफाय आणि पॉकेट कास्ट्समध्ये शेअर करताना ठरावीक वेळेपासून लिंक देता येते, यूट्यूबवरही देता येते. तरी मिनिट निरोपात हाताने लिहा, कारण लिंक दुसऱ्या ॲपमध्ये उघडली की ही वेळ हमखास हरवते.

लिंक उघडत नाही, ऐकू येत नाही

जुन्या यादीतल्या गुगल पॉडकास्ट्सच्या लिंक उपयोगाच्या नाहीत. ती सेवा 2024 मध्ये बंद झाली. स्टिचर तर त्याआधीच, 2023 मध्ये. स्पॉटिफायच्या लिंकवर खातं नसलेल्याला आधी खातं उघडायला सांगितलं जातं आणि तिथेच त्याचा उत्साह संपतो. म्हणून लिंकबरोबर कार्यक्रमाचं आणि एपिसोडचं पूर्ण नाव द्या, म्हणजे ज्याला जिथे सोयीचं तिथे तो शोधेल. अँड्रॉइडवर अँटेनापॉड हे ॲप फुकट आहे आणि खातंही मागत नाही.

यूट्यूबची लिंक सगळ्यांकडे उघडते, पण प्रीमियम नसेल तर स्क्रीन बंद केली की आवाजही बंद. चालताना किंवा पोळ्या लाटताना ऐकणाऱ्याला ती अडचणीचीच. डेटाची काळजी असेल तर हिशोब सोपा आहे: 128 केबीपीएसच्या ऑडिओला तासाला साधारण 58 एमबी लागतात. घरच्या वायफायवर डाउनलोड करून घेतलं की प्रश्नच मिटला.

आणि पाठवण्याआधी ते फुकट आहे ना, तेही बघा. डॅन कार्लिनच्या ‘हार्डकोअर हिस्टरी’चे नवे एपिसोड फुकट असतात, जुने त्याच्या संकेतस्थळावर विकत घ्यावे लागतात. पहिल्या महायुद्धावरची त्याची सहा भागांची मालिका लोक अजूनही ‘फुकट आहे, ऐक’ म्हणून सांगत असतात.

मागे घेतलेली गोष्ट पुढे पाठवणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. ‘धिस अमेरिकन लाइफ’ या अमेरिकन रेडिओ कार्यक्रमाने जानेवारी 2012 मध्ये ॲपलची उपकरणं बनवणाऱ्या चीनमधल्या कारखान्यावर एक एपिसोड केला. माइक डेझी हा रंगमंचावर एकपात्री कथन करणारा माणूस त्यात कामगारांच्या भेटींबद्दल सांगत होता. एपिसोड तुफान गाजला. मग दुसऱ्या एका रेडिओ कार्यक्रमाच्या वार्ताहराने डेझीच्या चीनमधल्या दुभाषी बाईंना गाठलं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी घडल्याच नव्हत्या असं बाहेर आलं. मार्चमध्ये कार्यक्रमाने ‘रिट्रॅक्शन’ नावाचा पूर्ण एपिसोड करून आधीचा मागे घेतला.

न्यूयॉर्क टाइम्सचा 2018 मधला ‘कॅलिफेट’ तर एका तरुणाच्या कबुलीवर उभा होता: इस्लामिक स्टेटसाठी आपण माणसं मारली, असं तो सांगत होता. 2020 मध्ये त्याने बनाव केल्याच्या आरोपावरून कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्यावरच गुन्हा दाखल केला. वर्षअखेरीला वृत्तपत्राने आपली चूक मान्य केली आणि त्या पॉडकास्टला मिळालेला पीबडी पुरस्कारही परत केला. ‘सीरियल’मधल्या, खुनासाठी दोषी ठरलेल्या अदनान सय्यदच्या खटल्याने पुढे इतकी वळणं घेतली की 2014 मध्येच थांबलेल्या श्रोत्याचं चित्र अर्धवट राहतं: 2022 मध्ये दोषसिद्धी रद्द, 2023 मध्ये ती पुन्हा लागू, 2024 मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाचं त्यावर शिक्कामोर्तब, आणि 2025 मध्ये भोगलेली शिक्षाच पुरेशी धरली गेली, पण दोष कायम.

म्हणजे हे पॉडकास्ट पाठवायचेच नाहीत असं नाही. ‘कॅलिफेट’ मी आजही सुचवीन, मुरलेले पत्रकार कसे फसतात ते बघायला. फक्त हे आधी सांगा. आणि कुठलाही जुना शोधपत्रकारितेचा एपिसोड पाठवण्यापूर्वी त्याच्या नावापुढे ‘रिट्रॅक्शन’ किंवा ‘करेक्शन’ टाकून एकदा शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

वाद जिंकायला लिंक पाठवणं

आरक्षणावरून भावाशी खटका उडाला आणि रात्री त्याला दोन तासांचा पॉडकास्ट पाठवला, तर ती शिफारस नव्हे, ते उलटउत्तर आहे. तो ऐकणार नाही. ऐकलंच तर चुका काढायला ऐकेल. आपण ज्याला ‘विचार करायला लावणारं’ म्हणतो ते पुष्कळदा आपलंच मत, जरा बऱ्या आवाजात बोललेलं असतं. याची कसोटी अशी: त्या एपिसोडमधला न पटलेला एक तरी मुद्दा तुम्हाला सांगता येतो का? येत असेल तर तोच निरोपात लिहा. तेवढ्यावर समोरचा ऐकायला बसतो, कारण आता त्याला काहीतरी ठरवायचं असतं.

पॉडकास्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका. तिथे तो सुप्रभातच्या फुलांखाली जातो.

भाषा आणि वेग

इंग्रजी वाचणाऱ्या सगळ्यांनाच ब्रिटिश उच्चारातली झपाझप चर्चा कानाने झेपते असं नाही, आणि हे कोणी कबूल करत नाही. अशा वेळी वेग 0.8 वर आणायला सांगा, किंवा ज्याचा मजकूर वाचायलाही मिळतो असा पॉडकास्ट निवडा; श्रुती राजगोपालन यांच्या ‘आयडियाज ऑफ इंडिया’च्या मुलाखती लिहून काढलेल्या असतात. धोरणांवर हिंदीत ऐकायचं तर प्रणय कोटस्थाने आणि त्यांच्या साथीदारांची ‘पुलियाबाजी’ आहे. मराठीत सवय लावायला बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ बरी, आणि लांब गप्पा चालत असतील तर ‘थिंक बँक’ किंवा ‘अमुक तमुक’. अर्थात तिथेही कार्यक्रम नव्हे, एपिसोड सुचवा.

निरोप कसा असावा, त्याचा एक नमुना:

‘दादा, धिस अमेरिकन लाइफचा 2012 चा रिट्रॅक्शन हा एपिसोड ऐक. तासाभराचा आहे, इंग्रजी सोपं आहे. आधीचा ऐकला नसलास तरी कळेल. सूत्रधार आयरा ग्लास डेझीला समोर बसवून विचारतो आणि तो उत्तर द्यायला वेळ घेतो, ते चुकवू नकोस. डेझी म्हणतो मी पत्रकार नाही, नाटकवाला आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण पूर्ण खोडताही येत नाही. तुला काय वाटतं?’

‘ऐकलंस का?’ एकदाच विचारा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सोडून द्या, आणि तोवर दुसरी लिंक पाठवू नका.