एकाचं दूध दुसऱ्याच्या खात्यावर: पायथॉनचा क्लास लिहिताना या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणारी पोरं प्रोजेक्टला गावच्या दूध संस्थेचा हिशेब घेतात. विषय चांगलाच आहे. क्लास म्हणजे साचा, त्यातून प्रत्येक सभासदाचा ऑब्जेक्ट बनतो. इनिट (__init__) ही ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन. पण ‘सभासद’ क्लासमध्ये, इनिटच्या बाहेर, ‘नोंदी = []’ ही रिकाम्या यादीची ओळ दिसली की बिल चुकणार हे ठरलेलं.

सकाळचं संकलन समजा. पांडबाचं म्हशीचं 6 लिटर, आक्काताईंचं गाईचं 4 लिटर. दोन ऑब्जेक्ट केले, दोघांच्या नोंदींत अपेंड केलं, म्हणजे यादीच्या शेवटी भर घातली, आणि दोघांच्याही बिलावर 10 लिटर उमटलं! क्लासच्या आतल्या ओळी पायथॉन एकदाच चालवतो, क्लास तयार होताना. म्हणजे यादी एकच, आणि सगळे सभासद तिच्यातच लिहितात. एकाच सभासदावर तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून ही चूक प्रोजेक्ट दाखवायच्या दिवसापर्यंत दबून राहते. दोन ऑब्जेक्ट केल्याशिवाय क्लास तपासला असं म्हणूच नये.

गोंधळ वाढवतात ते आकडे. त्याच जागी ‘एकूण = 0’ लिहून मेथडमध्ये ‘सेल्फ.एकूण += 6’ (सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) केलं तर हिशेब जुळतो, कारण त्या ओळीने त्या ऑब्जेक्टचं स्वतःचं ‘एकूण’ तयार होतं. अपेंड मात्र आहे त्याच यादीत भर घालतो. आकडा जुळला म्हणून यादीही चालेल असं धरून पुढे पळू नका.

जे सभासदागणिक बदलतं ते सगळं इनिटमध्ये, सेल्फ लावून. संस्थेचं नाव सगळ्यांना एकच, ते वर, इनिटच्या बाहेरच राहू द्या. काही जण इनिटच्या कंसात ‘नोंदी=[]’ असं डिफॉल्ट (काही दिलं नाही तर धरायची किंमत) देऊन काम उरकतात. तेही तसंच फसतं, कारण डिफॉल्टची किंमतही एकदाच काढली जाते. तिथे नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) द्या आणि नन आलं तर आत नवी यादी करा. शंका आली की ‘पांडबा.नोंदी इज आक्काताई.नोंदी’ प्रिंट करा. ट्रू आलं तर यादी सामाईक आहे.

दुसरी चूक सेल्फ विसरण्याची. इनिटमध्ये नुसतं ‘नाव = नाव’ लिहिलं तर पायथॉन तक्रार करत नाही. ते व्हेरिएबल इनिटबरोबर संपतं, आणि बिल छापताना अ‍ॅट्रिब्यूट एरर येतो, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये ‘नाव’च सापडत नाही. मग पोरं बिलाची मेथड उसवत बसतात, नाहीतर ट्राय-एक्सेप्ट लावून एरर झाकतात. झाकू नका. हा एरर आला की आधी इनिट वाचा.

ऑब्जेक्ट करताना ‘टेक्स नो आर्ग्युमेंट्स’ असा एरर आला तर इनिटचं स्पेलिंग आणि दोन्हीकडचे दोन-दोन अंडरस्कोर मोजा.

एका क्लासमध्ये दोन इनिट लिहिले तर शेवटचाच चालतो.

सभासदावरून काढलेल्या ‘संचालक’ क्लासला स्वतःचा इनिट दिलात तर त्यात पहिल्या ओळीत सुपरमार्फत (super(), म्हणजे मूळ क्लासपर्यंत पोचायची सोय) सभासदाचा इनिट बोलवा. नाहीतर संचालकाला नाव आणि नोंदी मिळतच नाहीत.