जुन्या गल्लीतली वरात टिपताना

नवरदेवाच्या मागं धावू नका. त्याचे फोटो ठरवलेला फोटोग्राफर काढतोच, आणि तो उलट्या पावलांनी चालत असतो, त्याच्या वाटेत येऊ नये. तुम्ही वरातीच्या पन्नासेक पावलं पुढं जाऊन गल्लीच्या वळणावर कट्ट्याला टेकून थांबा. बेळगावातल्या शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांत खरं लग्न कट्ट्यांवरच दिसतं. औक्षणाचं ताट घेतलेली बाई निरांजनाला वारा लागू नये म्हणून पदर आड धरते, काकाच्या खांद्यावरचं पोर बाशिंग बघायला मान ताणतं, डीजेच्या गाडीपुढं एक जण बांबूनं केबलच्या तारा वर उचलून धरतो.

आदल्या दिवशी वरातीच्याच वेळेला गल्ली फिरून या. मेच्या सुरुवातीला बेळगावात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, फेट्याखाली डोळे काळे पडतात. तेव्हा मांडवाच्या कापडाखाली किंवा दाराच्या सावलीत आलेलीच माणसं टिपा. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरकं येतं. पूर्व-पश्चिम अरुंद गल्ली खाली सावलीत राहते, उत्तरेकडच्या घरांच्या भिंतींवर वर ऊन पडतं आणि तिथून मऊ उजेड खाली उतरतो. चेहऱ्यांना याहून चांगला उजेड मिळत नाही. फक्त भिंत चुन्याची हवी, निळी असली तर गालांवर निळी झाक येते.

गर्दीत लांबची लेन्स कामाची नाही, मध्ये खांदे येतात. फुलफ्रेम (35 मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 28 मिमीची लेन्स लावा, लेन्सचं छिद्र एफ 8 ठेवा, ऑटोफोकस बंद करून फोकस अडीच मीटरवर बांधा. साधारण दीड ते दहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. नाचाला शटर 1/500 सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, मर्यादा 6400. उन्हात पांढरा फेटा फोटोत जळतो, म्हणजे नुसता कोरा पांढरा दिसतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) 2/3 स्टॉपनं खाली घ्या.

रात्री फोटोवर आडवे पट्टे आले तर दोष बहुतेक एलईडीचा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा. नाचणाऱ्यांचे हात फोटोत हलके फिसकटतील, फिसकटू द्या; हलगीच्या तालावर पाऊल टेकतं त्या क्षणी बटण दाबलं की चेहरा बऱ्यापैकी स्थिर मिळतो. फ्लॅश नको. घोडं बुजतं, आणि गर्दीत बुजलेलं घोडं आवरत नाही.

कुणाची नजर तुमच्यावर पडली तर कॅमेरा खाली घेऊन हसा, स्क्रीनवर फोटो दाखवा. समोरून "चलो बंदैती" असा खुशीचा होकार आला की पुढचे फोटो मोकळे येतात. नको म्हटलं तर तिथंच पुसून टाका. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारूनच.

गुलाल उधळायला लागले की लेन्स बदलू नका, आणि काचेवर बसलेला गुलाल कापडानं पुसू नका, कण घासून ओरखडे पडतात. आधी ब्लोअरनं (हवा मारायच्या रबरी फुग्यानं) उडवा, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी.