जुना मिलिटरी गॅस मास्क घेतलाय? फिल्टर लावायच्या आधी हे बघा

आपल्याकडं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाइंगवाले, स्प्रे पेंटवाले हल्ली ऑनलाइन सरप्लस (लष्करानं काढून टाकलेले) मास्क मागवतात, स्वस्त पडतो म्हणून, पण फिल्टर नीट बसला नाही तर नुसतं तोंडाला रबर बांधल्यासारखं आहे.

१. आटे बघा. नाटोवाल्याला ४० मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) साधारण ३.६ मिमी (ईएन १४८-१ हे युरोपियन मानक), जुन्या रशियन जीपी-५ मास्कला पण ४० मिमीच पण पिच ४ मिमी, त्यामुळं एकाचा फिल्टर दुसऱ्याला सुरुवातीला फिरतो आणि मग अडकतो, तिथं जोर लावू नका. ६० मिमीवाल्याला अडॅप्टर लागतो, आतला रबर वॉशर कडक झाला असेल तर बदला.

२. फिल्टरचं तोंड तळहातानं बंद करून श्वास ओढा, मास्क गालाला चिकटून तसाच राहिला पाहिजे. दाढी असेल तर राहणारच नाही.

३. सोबत आलेला जुना फिल्टर वापरूच नका, जीपी-५ च्या जुन्या फिल्टरात अ‍ॅस्बेस्टॉस सापडलंय. फोडून तर अजिबात बघू नका.

४. नवा सीलबंद घ्या, तारीख बघून. फिल्टरवरच्या पट्ट्याचा रंग बघा: थिनर-पेंटला तपकिरी आणि पांढरा पट्टा, हायड्रोसचा (डाइंगमधलं रसायन) जो नाकात झोंबणारा वास येतो त्याला पिवळा, अमोनियाला हिरवा.

आणि टाकीत, गटारात, बंद खोलीत हा मास्क घालून उतरू नका, फिल्टर ऑक्सिजन देत नाही आणि कार्बन मोनॉक्साइडही अडवत नाही.